नोकरी शोधताय? आधी ट्रूकॉलरवर तुमचं नाव काय येतं ते बघा

मी मूळची बार्शीची, गेली सहा-सात वर्षं पुण्यात रिक्रूटमेंटमध्ये आहे, म्हणजे दिवसभर कानाला हेडफोन लावून अनोळखी पोरापोरींना फोन करायचे आणि नोटीस पिरियड किती, सध्याचा पगार किती, हिंजवडी चालेल का एवढं विचारत बसायचं. दरवर्षी रिझल्ट लागले की गावाकडनं कुणाच्या ना कुणाच्या मुलाचा फोन येतोच, "ताई माझ्यासाठी काहीतरी बघा ना", आणि दरवेळी तेच पुराण सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतेय. हे फ्रेशर आणि एक-दोन वर्षं अनुभववाल्यांसाठी आहे, दहा वर्षं झालेल्यांनी वाचलं तरी काही बिघडत नाही, त्यांचे घोळ आणखी मोठे असतात.

सुरुवात लिंक्डइनपासून करायची असं सगळे सांगतात. मी सांगते फोनपासून करा.

पायरी १: समोरच्याला फोनवर काय दिसतं

मागे एका क्वालिटी इंजिनियरच्या जागेसाठी मी एका मुलाला फोन लावला, रेझ्युमे एकदम नीट, फर्स्ट क्लास, कॅलिब्रेशनचा अनुभव, आणि नंबर डायल केल्या केल्या स्क्रीनवर ट्रूकॉलरनं नाव दाखवलं "पिंट्या राडा नवीन नंबर". वरून त्याची कॉलरट्यून, डीजेवालं गाणं, ते पण मधूनच सुरू होणारं. मी हसले आणि बोलले त्याच्याशी, पोरगा चांगलाच होता, पण मी हसले ते मी बार्शीची आहे म्हणून. क्लायंटकडच्या मॅडमनी फोन लावला असता तर त्या हसल्या असत्या का, माहीत नाही.

गंमत म्हणजे त्यात त्याची चूक काहीच नव्हती. ट्रूकॉलरवरचं नाव बऱ्याचदा तुम्ही ठेवलेलं नसतंच, मित्रांनी त्यांच्या फोनमध्ये तुम्हाला ज्या नावानं सेव्ह केलंय ते वर येतं. तेव्हा कुणाच्या तरी फोनवर आपला नंबर टाकून बघा. भलतंच नाव येत असेल तर ॲप घेऊन स्वतःच्या नंबरनं प्रोफाइल बनवा, खरं नाव टाका, एवढंच, नंतर ॲप ठेवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

व्हॉट्सॲपचा डीपी हा दुसरा विषय. इंटरव्ह्यूची वेळ, गूगल मॅपचं लोकेशन, मीटिंगची लिंक हे सगळं हल्ली व्हॉट्सॲपवर जातं, म्हणजे तुमचा डीपी एचआरच्या समोर येतो, आणि एकमेकांचे नंबर सेव्ह असले की स्टेटसही. डीपीला देव असू दे, आई-वडील असू दे, मुलगी असाल आणि फोटो लावायचा नसेल तर झाडाफुलांचं चित्र असू दे, कुणी काही म्हणत नाही. फक्त बुलेटवर उभं राहून सिगरेटवाला किंवा तलवारीनं केक कापतानाचा नको. आणि स्टेटसला "काही लोकांना लायकी दाखवायची वेळ आलीये" हे इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री टाकू नका, मी खरंच बघितलंय. स्टेटस फक्त ठरावीक लोकांना दिसेल असं सेटिंग आहे, प्रायव्हसीमध्ये जाऊन करून घ्या.

ईमेल आयडी पण याच पायरीत उरकून टाका. नाव, आडनाव, लागलाच तर एखादा आकडा. रॉयल, किंग, भाई, शहाण्णव कुळी हे सगळं जुन्या आयडीत राहू द्या, नोकरीसाठी नवीन उघडा, दोन मिनिटांचं काम आहे. पण मग तो आयडी फोनमध्ये लॉगिन करून ठेवा, नाहीतर ऑफर येऊन पडते आणि पोरगं दहा दिवसांनी बघतं.

पायरी २: गूगलवर स्वतःला शोधा

ब्राउझरच्या इन्कॉग्निटो विंडोत आपलं नाव टाका, मग नाव आणि कॉलेज, मग नाव आणि गाव, मग मोबाइल नंबर. इमेजेसमध्येही बघा. आपल्याकडे अडचण वेगळीच असते, राहुल पाटील म्हणून शोधलं तर हजार राहुल पाटील निघतात आणि त्यातला एखादा नेमका कुठल्यातरी गुन्ह्याच्या बातमीत असतो. म्हणून माझं मत असं की नाव कॉमन असेल तर वडिलांचं नाव मध्ये घाला, आणि स्पेलिंग एकच ठेवा. डिग्रीवर एक, आधारवर दुसरं, लिंक्डइनवर तिसरं असलं की पुढे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला तुमचेच हाल.

आता फेसबुक. लोकांना वाटतं एचआर फेसबुक बघत नाही. एवढा वेळ नसतो हे खरंय, पण शेवटच्या दोघातिघांत निवडायची वेळ आली की कुणीतरी सहज नाव टाकून बघतंच. आणि दिसतं काय, तर २०१६ सालचे भाऊंच्या वाढदिवसाचे बॅनर. तुम्ही स्वतः काही टाकलेलं नसतं, पण बॅनरवर खालच्या ओळीत पासपोर्ट फोटोएवढं तुमचं तोंड आणि पन्नास जणांसोबत तुम्हाला टॅग केलेलं. कुठल्या पक्षाचे भाऊ याच्याशी मला घेणंदेणं नाही, पण मुलाखत घेणाऱ्याचं असू शकतं. फेसबुकच्या सेटिंगमध्ये जुन्या सगळ्या पोस्ट एकदम फक्त फ्रेंड्सपुरत्या करायची सोय आहे, लिमिट पास्ट पोस्ट्स नावानं, ती वापरा, आणि टॅग झालेलं आधी आपल्याला विचारूनच टाइमलाइनवर येईल असं करून ठेवा. इन्स्टा प्रायव्हेट करा, विषय संपला.

सगळ्यात जास्त नडतात त्या कॉमेंट्स. स्वतःच्या भिंतीवर लोक जपून असतात आणि न्यूज चॅनलच्या पोस्टखाली जाऊन आईबहिणीवरून शिव्या देऊन येतात, त्या पब्लिक असतात हो! ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये आपल्या जुन्या कॉमेंट्स सापडतात, एखाद्या रविवारी चहा घेऊन बसा आणि साफ करा. मत असू नये असं नाही म्हणत मी, मला पण भरपूर मतं आहेत.

आणि हो, सगळी अकाउंट उडवायची काही गरज नाही. आणि मुळात अकाउंटच नसेल, काहीच सापडत नसेल, तर तोही गुन्हा नाही.

पायरी ३: रेझ्युमे म्हणजे लग्नाचा बायोडाटा नव्हे

हे ऑनलाइन इमेजमध्येच येतं कारण तुमचा रेझ्युमे एकदा पोर्टलवर टाकला की तो कुठे कुठे फिरतो ते तुम्हाला कळतही नाही. आजही मला जात, रास सोडून सगळं लिहिलेले रेझ्युमे येतात, उंची, रक्तगट, वडिलांचा व्यवसाय, आणि भरीला आधार नंबर, पॅन नंबर, घरचा पूर्ण पत्ता. आधार-पॅन काढा, आत्ताच्या आत्ता काढा. पत्त्याला गाव आणि पिनकोड पुष्कळ झाला. फाइल पीडीएफ करा आणि फाइलला स्वतःचं नाव द्या, माझ्या डाउनलोड फोल्डरमध्ये "रेझ्युमे फायनल नवीन २" नावाच्या एवढ्या फाइली आहेत की त्यातली तुमची कोणती हे तुमच्या आईलाही ओळखता येणार नाही.

पायरी ४: लिंक्डइन आणि नोकरी डॉट कॉम

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे दोन्हीकडे वेगळं डोकं लावायचं.

नोकरी डॉट कॉम १९९७ पासून आहे आणि पुण्यातल्या आमच्यासारख्या कन्सल्टन्सीवाल्यांचं निम्मं काम तिथंच चालतं. आम्ही तिथे माणूस शोधत नाही, शब्द शोधतो. सर्चमध्ये कीवर्ड टाकायचे, अनुभव, शहर, पगार, नोटीस पिरियड, आणि शेवटी एक फिल्टर असतो, अलीकडे ॲक्टिव्ह असलेलेच दाखव. म्हणजे तुम्ही मार्चमध्ये प्रोफाइल बनवून सोडून दिलंत तर जुलैत तुम्ही मला दिसतच नाही, कितीही हुशार असा. आठवड्यातून एकदोनदा लॉगिन करा, हेडलाइनमधला एखादा शब्द बदला, सेव्ह करा. आणि कीवर्ड जाहिरातीत असतात तसेच लिहा, तुम्ही "कॉम्प्युटरवर डिझाइन" लिहिलंय आणि मी "सॉलिडवर्क्स" शोधतेय तर आपली गाठ पडायची नाही.

लिंक्डइनवर मात्र माणसं माणसांना बघतात. फोटो साधा, खिडकीसमोर उभं राहून मित्राला काढायला सांगा, भिंत मागे, खांद्यापासून वर, फेटा बांधलेला लग्नातला क्रॉप करून नको (मागे कुणाचा तरी हात राहतोच). हेडलाइनला २२० अक्षरांची जागा असते, तिथे "सीकिंग अपॉर्च्युनिटीज" लिहून ती वाया घालवू नका. काय येतं ते लिहा: "डिप्लोमा मेकॅनिकल, इन-प्रोसेस इन्स्पेक्शन, सीएमएमवर एक वर्ष, पुणे". (सीएमएम म्हणजे पार्ट मोजायचं मशीन.) हे वाचून मला कळतं फोन करायचा की नाही. अबाउटमध्ये चारपाच साधी वाक्यं, एआयकडून लिहून घेतलेलं असेल तर निदान एकदा मोठ्यानं वाचा, तुमच्या तोंडी बसत नसेल तर मुलाखतीतही बसणार नाही.

फोटोभोवतीचा तो हिरवा ओपन टू वर्कचा गोल लावावा की नाही यावर लोक भांडतात. माझं म्हणणं, नोकरी नसेल तर बिनधास्त लावा, लाजायचं काय त्यात. नोकरी असेल तर फक्त रिक्रूटर्सना दिसेल असा पर्याय आहे तो निवडा, पण त्यातही लिंक्डइन शंभर टक्के गॅरंटी देत नाही की तुमच्याच कंपनीच्या एचआरला कळणार नाही, तेवढी जोखीम धरून चाला.

तारखा रेझ्युमेवर, नोकरीवर आणि लिंक्डइनवर एकच पाहिजेत. पैसे घेऊन खोटा अनुभव दाखवून देणारे लोक बाजारात आहेत, त्यांच्या नादी लागू नका. पीएफचा यूएएन नंबर असतो त्यात कुठल्या कंपनीत कधी होतात हे सगळं निघतं, व्हेरिफिकेशनवाले पहिल्यांदा तेच मागतात, आणि जॉइन झाल्यावर तीन महिन्यांनी काढून टाकलेली पोरं मी बघितलीयत. तेव्हा तर गावात सांगायची पण सोय राहत नाही.

पायरी ५: ओळखी काढणे

आता नेटवर्किंग. शब्द इंग्रजी आहे म्हणून पोरं घाबरतात, पण एसटीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला "पाव्हणं कुठलं?" विचारून तिसऱ्या मिनिटाला त्याच्या साडूची आणि आपल्या मावशीची सोयरीक काढणारी माणसं आपण, आपल्याला कसली अडचण!

आपण चुकतो ते एकाच ठिकाणी, फक्त जवळच्यांना विचारतो. मामा, काका, रूमवरचे चार मित्र. रूमवरच्या मित्रांना तेच माहीत असतं जे तुम्हाला माहीत आहे, त्यांनी पण त्याच ग्रुपवर तीच जाहिरात बघितलेली असते. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये हेच मांडलं होतं, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यानं विचारलं की खबर देणारा माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा, तर बहुतेकांचं उत्तर अधूनमधून किंवा क्वचितच. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या २ कोटींवर लोकांच्या माहितीवरून झालेला अभ्यास आला, त्यातही जेमतेम ओळखीचे लोकच जास्त कामाला आले, पण एक मेख होती: हे ज्या धंद्यात कॉम्प्युटरचं काम जास्त तिथे लागू पडतं, जिथे कमी तिथे जवळचे लोकच उपयोगी. मला हे वाचून अजिबात आश्चर्य वाटलं नाही. आयटीत कुणीही कुणालाही रेफर करतं, पण भोसरीतल्या वीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये मालक अजूनही आपल्या सुपरवायझरच्या शब्दावरच पोरगं घेतो. तेव्हा तुमचं क्षेत्र कुठलं ते बघून ठरवा, मामाला धरायचं का कॉलेजच्या सीनियरला.

सीनियर शोधायचे कसे? लिंक्डइनवर आपल्या कॉलेजच्या पेजवर जा, तिथे ॲलम्नाय असा टॅब असतो, त्यात शहर आणि कंपनी टाकली की आपल्या कॉलेजची माणसं कुठे कुठे आहेत ते सगळं येतं. शंभर जणांना सरसकट इन्व्हाइट मारू नका. दहा निवडा. एका वहीत किंवा गूगल शीटमध्ये लिहा, नाव, कंपनी, कधी मेसेज केला, काय उत्तर आलं. फुकटच्या खात्यात इन्व्हाइटसोबत नोट महिन्याला मोजक्याच जणांना लिहिता येते आणि ती पण छोटी, म्हणून जपून वापरा.

आणि मेसेज. मला रोज येणारा मेसेज असा असतो: "हाय मॅम, एनी व्हेकन्सी फॉर फ्रेशर." बास. नाव नाही, ब्रँच नाही, गाव नाही. याला मी काय उत्तर देऊ? त्याऐवजी एका मुलानं मध्ये एका सीनियरला लिहिलेला मेसेज मला दाखवला होता, साधारण असा:

"नमस्कार सर, मी आपल्याच कॉलेजचा, मेकॅनिकल, २०२३ बॅच. सध्या भोसरीत एका व्हेंडरकडे क्वालिटीत आहे, इन-प्रोसेस इन्स्पेक्शन आणि पीपॅपची (पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची) कागदपत्रं बघतो. मला सप्लायर क्वालिटीत जायचंय. तुम्ही पण व्हेंडरकडूनच तिकडे गेलात असं प्रोफाइलवर दिसलं. त्यासाठी आधी काय शिकून घ्यावं एवढंच विचारायचं होतं, दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का? तुमच्या सोयीनं कधीही."

यात नोकरी मागितलीच नाहीये. माणसाला सल्ला विचारला की तो फुलतो, नोकरी मागितली की आक्रसतो, कारण नोकरी त्याच्या हातात नसते आणि नाही म्हणायचं त्याच्या जिवावर येतं. सरांनी गुरुवारी फोन केला, पंधरा मिनिटं बोलले, आणि शेवटी स्वतःच म्हणाले रेझ्युमे पाठवून ठेव. गुरुवारी का, तर भोसरी-चाकणकडे बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारची असते, रविवारी फोन लावाल तर माणूस प्रॉडक्शन लाइनवर कामाला उभा असतो. हे असलं बारीकसारीक लक्षात ठेवत चला.

उत्तर आलं नाही तर सातआठ दिवसांनी एकदा आठवण करा, नंतर सोडून द्या. ब्लू टिक दिसली म्हणून "सर?" "सर???" करायचं नाही.

फोन झाला की त्याच दिवशी दोन ओळींचे आभार, आणि त्यांनी सांगितलेलं काही केलं असेल तर महिन्याभरानं तेही कळवा, "सर तुम्ही म्हणालात तो कोर्स केला". हे शंभरातले पाचपण करत नाहीत, आणि जे करतात त्यांची नावं मला वर्षानुवर्षं लक्षात आहेत.

पायरी ६: रेफरल मागताना

पुष्कळ कंपन्यांमध्ये रेफर केलेला माणूस जॉइन होऊन काही महिने टिकला की रेफर करणाऱ्याला पैसे मिळतात. म्हणजे तुम्ही भीक मागत नाही आहात, त्याचाही फायदा आहे. पण त्याला शोधाशोध करायला लावू नका. कंपनीच्या साइटवरून जागेचा जॉब आयडी काढा, लिंक, पीडीएफ, आणि त्या जागेला तुम्ही का बसता हे तीन ओळींत, असं सगळं एकाच मेसेजमध्ये द्या, त्यानं नुसतं कॉपी-पेस्ट करायचं. "कुठल्यापण पोस्टला चालेल सर" हे म्हणू नका, कुठल्यापण म्हटलं की कुठल्याच पोस्टला पाठवलं जात नाही.

पोस्ट वगैरे टाकायच्या का? टाका जमल्या तर, पण रोज उठून सर्टिफिकेट टाकून "थ्रिल्ड टू अनाउन्स" नको. एखादा जिग बनवला, एखाद्या पार्टचं रिजेक्शन कमी केलं, एखादी छोटी वेबसाइट उभी केली, ते कसं केलं ते पाच ओळींत लिहा. कंपनीचं ड्रॉइंग किंवा आतला फोटो टाकू नका, त्यावरून नोकऱ्या गेल्यात. कोडिंगवाल्यांनी गिटहबची लिंक द्यायची असेल तर ती आधी स्वतः उघडून बघा, आत काहीतरी पाहिजे.

मध्येच एक महत्त्वाचं

तुम्ही सगळीकडे नंबर दिलात की चोरपण फोन करणार. रजिस्ट्रेशनचे दोन हजार, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगची फी, गेटपासचे पैसे, असं काहीही कुणी मागितलं की फोन ठेवा. खरी कंपनी पगार देते, मागत नाही. ऑफर लेटर जीमेलवरून आलं असेल तर कंपनीच्या साइटवरचा नंबर घेऊन स्वतः फोन करून विचारा. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करून रोज पैसे, ही तर सरळसरळ लूट आहे, पहिले दीडशे रुपये खरंच देतात आणि मग पन्नास हजार घेतात. गेलेच पैसे तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

नोकरी लागली की

अभिनंदन. ऑफर लेटरचा फोटो स्टेटसला टाकू नका, त्यावर पगार असतो, पत्ता असतो, आणि जॉइन व्हायच्या आधी कशाला. ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांना मेसेज नको, फोन करा. आणि मग जिथे जिथे प्रोफाइल बनवलंय ती सगळी पोर्टल एकेक करून उघडा, प्रोफाइल बंद करा किंवा नॉट लुकिंग करा, हिरवा गोल काढा. हे विसरलात तर काय होतं, जॉइन होऊन चौथा दिवस असतो, नवा मॅनेजर शेजारी खुर्ची ओढून तुम्हाला सिस्टिम शिकवत असतो, आणि टेबलावरच्या फोनवर मोठ्ठ्या अक्षरात येतं "एचआर पुणे अर्जंट ओपनिंग". त्यातले निदान तीन फोन तरी माझेच असतील.